मागचं रीडिंग

सायकलला एक साधासा मीटर बसवून घ्यावा आणि मग निघावं, एवढंच मीटरवाल्यांच्या मनात आलं होतं. त्यांच्या मनात 'एवढंच' काही आलं, की घरातल्या माणसाने लगेच सावध व्हायला हवं. पण वहिनी त्या वेळी शिलाई मशीनवर पडदे शिवत होत्या आणि मशीनच्या आवाजात त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. त्या एका हं-मध्ये सहा दिवस गेले.

मीटरवाले म्हणजे आमच्या मजल्यावरचे, जिन्यासमोरच्या दारातले. पाणीपुरवठा खात्यात मीटर रीडर. एकोणतीस वर्षं लोकांच्या फाटकाशी वाकून पाण्याच्या मीटरवरचा आकडा टिपून घेतायत. त्यांचं खरं नाव आता फक्त दारावरच्या पाटीवर उरलंय. वहिनी घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतात. (त्यांच्या घरातलं इतकं कळलं कसं, असं विचारू नये. दोन घरांत एकच भिंत आहे आणि ती बांधताना विटा फार जपून वापरल्या आहेत.)

दोघांना सायकलवरून लेकीच्या घरी जायचं होतं. तीनशे पंधरा किलोमीटर, पाच दिवस. ही कल्पना मुळात लेकीची. लग्न होऊन जाण्याआधी तिने आईला खाली पार्किंगमध्ये सायकल शिकवली होती. वहिनी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या, दोनदा पडल्या, एकदा कचऱ्याच्या डब्यावर आदळल्या, पण शिकल्या. निघताना लेक म्हणाली, "आई, एकदा माझ्या घरी सायकलवर ये." वहिनींनी येईन म्हटलं. म्हटलं ते मनापासून म्हटलं होतं, कारण त्यानंतर दोन वर्षं ही बाई रोज सकाळी पाण्याच्या टाकीभोवती बारा फेऱ्या मारत होती. आधी दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा मीटरवाल्यांची रजा नामंजूर झाली. यंदा सोळा दिवस मंजूर झाले. गुडघ्याच्या डॉक्टरांनीही यंदा जा म्हटलं. पुढच्या वर्षीबद्दल ते काही बोलले नव्हते, आणि वहिनींनीही मुद्दाम विचारलं नव्हतं.

रजेच्या पहिल्या दिवशी सकाळी निघायचं, असं ठरलं होतं. रजेच्या पहिल्या दिवशी सकाळी मीटरवाले सायकलच्या दुकानात होते.

त्याला कारण जावई. फोनवर बोलता बोलता जावयांनी सुचवलं होतं की बाबा, आता मोठ्या स्क्रीनचे सायकल कॉम्प्युटर मिळतात, त्यात नकाशा येतो, चढ-उतार येतो, हृदयाचे ठोकेसुद्धा येतात, माझाच पाठवतो. मीटरवाल्यांना ते लागलं. ज्या माणसाने एकोणतीस वर्षं रीडिंग घेतलं, त्याला काल सायकल घेतलेल्या पोराने मीटर सुचवायचा? ते म्हणाले की आपले ठोके आपल्याला आतून कळतात, आणि रस्ता मोजायला साधा मीटर पुरतो. साधा मीटर तुमच्या दारात बरोबर तीनशे पंधरा दाखवील. नाही दाखवला तर आठ दिवस घरातली भांडी मी घासीन. जावई हसले, बरं म्हणाले. तिकडून लेक ओरडून म्हणाली की हे लिहून घे. म्हणजे आता नुसतं जायचं नव्हतं, तीनशे पंधरा दाखवत जायचं होतं.

सायकलवाला सज्जन होता. त्याने पहिल्या दिवशी काउंटरवर सात मीटर मांडले. मोठ्या स्क्रीनचा पहिला मीटरवाल्यांनी हातातही घेतला नाही. रोज संध्याकाळी चार्ज करावा लागतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, की मुक्कामाला वीज नसली तर रस्ता मोजायचा कुणी? दुसरा बिनवायरचा होता. विजेच्या तारांखालून जाताना कधीमधी तो उगाच ऐंशीचा वेग दाखवतो, हे सायकलवाला प्रामाणिकपणे बोलून गेला आणि तो मीटरही बाद झाला. राहिले पाच, आणि ते पाचही मीटरवाले 'घरी बघून सांगतो' म्हणून घेऊन आले.

पुढचे चार दिवस वहिनींच्या घरात काय काय झालं म्हणता. एक मीटर दिवसभर बादलीत बुडून होता. एक फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेवर. एक त्यांनी आधी स्टुलावरून, मग टेबलावरून, मग टेबलावर स्टूल ठेवून त्यावरून फरशीवर टाकला. (खालच्या मजल्यावरचे वर विचारायला आले, तेव्हा "टिकाऊपणा बघतोय" असं उत्तर मिळालं.) प्रत्येकाचा तक्ता झाला. पाणी, धक्का, थंडी, बटणं किती, सेल किती वर्षं. वहिनी बादलीतला मीटर बाजूला करून कपडे भिजवायच्या आणि कपडे काढून मीटर परत ठेवायच्या. दोन्ही सायकलींच्या मागच्या पिशव्या भरून दाराशी उभ्या होत्या. रोज सकाळी त्या पिशवीतून एक स्वच्छ साडी काढायच्या, नेसायच्या, आणि कालची धुऊन पुन्हा पिशवीत भरायच्या.

पाचव्या दिवशी निवड झाली. काळा, काडेपेटीएवढा, वायरचा, एकच बटण, गोल सेल, तीन वर्षं बघायला नको. वायर डोळ्यांना दिसते म्हणजे विश्वास ठेवता येतो, असं मीटरवाल्यांचं म्हणणं. पण बसवताना सायकलवाल्याने चाकाच्या तारेला एक छोटंसं लोहचुंबक अडकवलं आणि मीटरवाल्यांचा चेहरा पडला. त्यांच्या खात्यात लोहचुंबक म्हणजे चोरी. पाण्याच्या मीटरला चुंबक चिकटवून मीटर थांबवणारी बिलंदर मंडळी त्यांनी जन्मभर पकडली होती. आता स्वतःच्याच सायकलला चुंबक? सायकलवाल्याने शांतपणे समजावलं, की साहेब, तुमच्याकडे चुंबक लावला की मीटर थांबतो, आमच्याकडे काढला की थांबतो. चाक एकदा फिरलं की चुंबक एकदा समोरून जातो, मीटर तेवढ्या फेऱ्या मोजतो. आपण फक्त एका फेरीत किती मिलिमीटर, हा आकडा भरायचा. या सायकलला एकवीसशे पाच. पुस्तकातल्या टेबलात दिलाय.

तिथे गाडं पुन्हा अडलं. टेबलातला आकडा म्हणजे सरासरी. घराला कुलूप असलं की मीटर न वाचता ठोकून देतात ती सरासरी, आणि सरासरी लिहिणाऱ्या रीडरला मीटरवाले रीडर मानतच नाहीत. माझं चाक न बघता छापलेला आकडा मी भरणार नाही, ते म्हणाले. मी मोजीन.

सहाव्या दिवशी दुपारी आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये चाक मोजलं गेलं. सायकलवर सगळं सामान लादलं, टायरला खडूची खूण केली, तिथेच फरशीवर खूण केली, आणि मीटरवाले वर बसून भिंतीला धरत धरत टायरवरची खूण पुन्हा फरशीला टेकेपर्यंत पुढे गेले. तिथे दुसरी खूण. मग वहिनींच्या मशीनवरचा टेप उचलून आणला आणि गुडघ्यांवर बसून दोन खुणांमधलं अंतर मोजलं. टेप दीडशे सेंटिमीटरचा, तेव्हा तो एकदा पुरला नाही. दीडशेला खूण करून पुन्हा लावला. शेवटचा आकडा आला साडेऐंशी.

"दोनशे साडेतीस," ते उभे राहत म्हणाले. "म्हणजे तेवीसशे पाच मिलिमीटर. टेबल काय म्हणत होतं? एकवीसशे पाच. बघितलंस? दोनशेचा फरक. यांच्या भरवशावर गेलो असतो तर?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी टेपाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग दाराशी भरून ठेवलेल्या पिशव्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"झालं ना मोजून?" त्या म्हणाल्या. "मग उद्या सकाळी निघायचं."

मीटरवाल्यांनी तेवीसशे पाच भरला, पडद्यावर अंतराचा आकडा आणला आणि मग घरात जाऊन खात्याची बारीक तार आणि शिशाची गोळी घेऊन आले. मीटरच्या एकुलत्या एका बटणावर त्यांनी सील मारलं. आता वाटेत कुणी छेडछाड करू शकणार नव्हतं. ते स्वतःसुद्धा. वेग बघायचा झाला तर बटण दाबावं लागेल, असं वहिनींनी म्हणून पाहिलं. ते म्हणाले की पाणी किती वेगाने आलं हे आजवर कुणी विचारलंय का? किती आलं ते महत्त्वाचं.

सकाळी दोघं निघाले. वहिनी पुढे, मीटरवाले मागे, कारण त्यांचे डोळे मीटरवर होते.

पहिला दिवस छान गेला. उन्हं मऊ, रस्ता सपाट. मुक्कामाचं गाव त्रेसष्ट किलोमीटरवर होतं. मीटरवर त्रेसष्ट झाले तेव्हा मीटरवाले थांबले आणि पोचलो म्हणून उतरले. समोर एक अर्धवट बांधलेली भिंत होती, भिंतीवर एक कुत्रं होतं, आणि रस्त्याच्या कडेला दगड होता. दगडावर गावाचं नाव आणि पुढे साडेपाच. मीटरवाल्यांनी दगडाला हात लावून तो हलतोय का पाहिलं. हलत नव्हता. कुणीतरी काढून पुढे रोवला असावा, असं त्यांचं मत पडलं. वहिनी तोवर साडेपाच किलोमीटरसाठी पुढे निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त कुत्रं नव्हतं. आता एका दगडावर संशय घेऊन भागण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दगड ते दगड मोजायला सुरुवात केली. दर किलोमीटरला मीटर शंभर मीटर जास्त दाखवत होता, सगळीकडे सारखाच. मीटरवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. ठेकेदाराने दगड लांब लांब लावले होते. अकरा दगडांच्या जागी दहा, दर दहा किलोमीटरमागे एक दगड घशात. त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत त्यांनी रस्ते विभागाला चार पानांचं पत्र लिहिलं. शेवटी 'मीटर सीलबंद आहे' या वाक्याखाली रेघ मारली, खाली नाव, हुद्दा, घरचा पत्ता आणि एकोणतीस वर्षांचा अनुभव. वहिनी गुडघ्यांना तेल चोळत होत्या. पत्र घरी गेल्यावर टाकलं तर चालणार नाही का, असं त्यांनी एकदा विचारलं. पुरावा गरम असताना द्यावा, असं उत्तर आलं. चौथ्या दिवशी सकाळी पत्र पेटीत पडलं.

पाचव्या दिवशी वारा समोरून होता. दुपारी अडीच वाजता, एका छोट्या पुलाजवळ, मीटरवर तीनशे पंधरा झाले. मीटरवाले सायकलवरून उतरले, पुलाच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी बूट काढले. दगडावर सत्तावीस होतं. पाय भरून आले होते, पाठ धरली होती, आणि मुख्य म्हणजे हिशेबाने प्रवास संपला होता.

"तीनशे पंधरा झाले," ते म्हणाले. "आपण पोचलो. घर इथे नाही हा काही आपला दोष नाही. जावयांना फोन लाव, गाडी घेऊन या म्हणावं."

वहिनी उतरल्या नव्हत्या. एक पाय जमिनीवर टेकून उभ्या होत्या. घामाने केस कपाळाला चिकटले होते, उजवा गुडघा लुगड्याच्या पट्टीने बांधला होता. त्यांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. तो सरळ आणि रिकामा होता.

"तुमचे तीनशे पंधरा झाले असतील," त्या म्हणाल्या. "मला लेकीच्या दारात उतरायचंय. गाडीतून उतरायचं असतं तर दोन वर्षं टाकीभोवती कशाला फिरले असते? तुम्ही फोन लावा, बसा. गाडी वाटेत मला दिसली तर हात करीन."

आणि त्या निघाल्या. मीटरवाले कठड्यावर बसून त्यांची पाठ बघत राहिले. पुढे जाणारी बायको त्यांना पाच दिवस दिसत होती खरी, पण त्यांनी पाहिली नव्हती. मीटर पाहिला होता. आता लक्षात आलं, की ही बाई उजव्या पायावर जोर देत नाहीये, सगळी सायकल डाव्या पायाने ओढतेय. असं किती दिवसांपासून चाललंय हे काही मीटरवर येत नव्हतं. त्यांनी बूट चढवले. फोन खिशातच राहिला. पोचायच्या आधी तीन किलोमीटरवर त्यांनी वहिनींना गाठलं आणि पुढे होऊन वारा अंगावर घेतला. पाच दिवसांत पहिल्यांदा ते पुढे होते.

लेक फाटकात उभी होती. वहिनी सायकलसकट आत गेल्या, पायरीपर्यंत गेल्या आणि मग उतरल्या. लेक वाकून आईच्या गुडघ्याची पट्टीच सोडायला लागली. वहिनी म्हणाल्या, "आधी पाणी दे. कचऱ्याचा डबा कुठे ठेवलायस ते आधीच सांग." मग दोघी एकदम हसल्या आणि एकदम रडल्या.

जावई तेवढ्या वेळात हळूच सायकलपाशी गेले होते. मीटरवर तीनशे पंचेचाळीस. जावई भला माणूस, त्याने फक्त भुवया उचलल्या. मीटरवाल्यांनी ठेकेदार, दगड, चार पानी पत्र असं सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. जावयांनी सगळं ऐकलं आणि आपल्या मोठ्या स्क्रीनवरचा नकाशा दाखवला. तीनशे पंधरा. मीटरवाले म्हणाले की नकाशा काढणाऱ्याने दगडच मोजले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी पिशवीतून टेप काढला. लेकीच्या नव्या घराला पडदे नव्हते आणि मापं घ्यायची होती. मीटरवाले चहा घेत बसले होते. वहिनींनी खिडकीच्या कोपऱ्याला टेपाचं टोक धरलं, टेप खाली ओढला, आणि म्हणाल्या, "एकशे चाळीसवर आलंय. लिही एकशे तीस."

लेकीने लिहिलं. मीटरवाल्यांचा कप हवेतच राहिला.

"एकशे चाळीसचे एकशे तीस कसे?" त्यांनी विचारलं.

"दहा वजा करायचे ना," वहिनी पुढची खिडकी धरत म्हणाल्या. "टेपाचं टोक उसवलं होतं, म्हणून दहावर कापून टाकलं. चार वर्षं झाली. हा दहापासूनच सुरू होतो."

मीटरवाले उठले. त्यांनी टेप हातात घेतला आणि त्याची सुरुवात पाहिली. पहिला आकडा अकरा. एकोणतीस वर्षं त्यांनी फक्त शेवटचा आकडा वाचला होता. मागचं रीडिंग ऑफिसच्या रजिस्टरमध्ये असतं आणि वजाबाकी तिथला क्लार्क करतो. पॅसेजमध्ये टेप दोनदा लावला, दोनदा शेवटचा आकडा वाचला, आणि दहा दुणे वीस सेंटिमीटर त्या क्लार्कवर सोडून दिले. पण पॅसेजमध्ये क्लार्क नव्हता. होत्या त्या दारातल्या वहिनी.

"अगं, तू बघत होतीस," ते म्हणाले. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टेप बदलायला दुकानात गेला असता," वहिनी म्हणाल्या. "मग पाच टेप बादलीत घातले असते. रजा संपली असती. मी मनात म्हटलं, चुकला तर मीटर चुकेल. रस्ता काय, आहे तेवढाच आहे."

जावई स्वयंपाकघरातून साबण आणि घासणी घेऊन आले आणि दोन्ही वस्तू त्यांनी आदराने सासऱ्यांच्या समोर ठेवल्या.

तीन दिवस तिथे आणि उरलेले पाच दिवस घरी, असे आठ दिवस मीटरवाल्यांनी भांडी घासली. चांगली घासली, खोटं कशाला बोला. कढईचा खालचा थर आम्हांला पहिल्यांदाच चमकताना दिसला. येताना दोघं आगगाडीने आले, सायकली सामानाच्या डब्यात. वहिनींच्या टाकीभोवतीच्या फेऱ्या आता दहावर आल्यात, पण चालू आहेत.

मध्यंतरी रस्ते विभागाचं उत्तर आलं. (पोस्टमनने चुकून शेजारच्या घरात टाकलं आणि पाकीट नीट चिकटवलेलं नव्हतं.) आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेतली आहे, असं त्यात होतं. आमचे दोन अभियंते येत्या महिन्यात आपल्या निवासस्थानी येतील, तरी ज्या टेपाने मोजणी केली तो कृपया तपासणीसाठी हजर ठेवावा.

मीटरवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि चपला घातल्या. वहिनींनी मशीन न थांबवता विचारलं, कुठे निघालात? ते म्हणाले, काही नाही, एक साधासा, टिकाऊ टेप बघून येतो.

या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. तीन टेप सध्या बादलीत आहेत.